गरम इलेक्ट्रॉन, सिडकोतली मावशी आणि माझी एक चूक

(भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजच्या भागाची सुरुवात माफीने करायची आहे.

सोलर पॅनलवरच्या भागात शेवटी शेवटी मी एक वाक्य फेकलं होतं. आठवत असेल तुम्हाला: "क्वांटम डॉट आले की इलेक्ट्रॉन थंडच होत नाहीत, त्यामुळे तेच पॅनल दुप्पट वीज देईल, दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे." बोलायला छान वाटलं. रीलसाठी पण तेच वाक्य कापलं.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वैजापूरकडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचा व्हॉइस मेसेज आला. सर रागावले नव्हते, पण आवाज मास्तरांचाच होता. म्हणाले, "ताई, इलेक्ट्रॉन थंड होत नाहीत असं नाही. ते इतक्या झपाट्याने थंड होतात की तो वेग मोजायलाच माणसांची कारकीर्द गेली. माझी मुलं तुमचं ऐकतात आणि वर्गात येऊन मलाच शिकवतात." दुसरी गोष्ट जास्त लागली. माझ्या सिडकोतल्या मावशीने छतावर पॅनल बसवायचं ठरवलं होतं, कोटेशन आलं होतं, आणि तिने ते थांबवलं. का? "तू म्हणालीस ना, दुप्पटवालं येतंय."

तर आजचा भाग हा सरांसाठी आणि मावशीसाठी. ही गोष्ट चाळीस वर्षांची आहे, आणि ती लेनिनग्राड, न्यू जर्सी, शिकागो करत आपल्या ट्रॉम्बे आणि पुण्यापर्यंत येते.

आधी पाणचक्कीपर्यंत जाऊन येऊ

आपल्या शहरातली पाणचक्की सगळ्यांनी पाहिली आहे. शाळेची सहल तरी गेलेलीच असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून पाडलं, त्या माऱ्यावर पातं फिरलं आणि त्यावर जातं. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. सगळी गंमत उंचीची आहे. पाणी जितकं उंचावरून पडेल तितका मारा जास्त.

आता कल्पना करा, कुणीतरी पाणी तीन मजले उंच चढवलं. पण चक्कीवर पडायच्या आधी ते पायऱ्यांवरून खळखळत पहिल्या मजल्याच्या हौदात उतरलं, आणि मग तिथून चक्कीवर पडलं. चक्कीला काय मिळालं? एका मजल्याचा मारा. वरच्या दोन मजल्यांची मेहनत पायऱ्यांवर आवाज करण्यात गेली.

सोलर पॅनलमध्ये हेच होतं. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हा आपला पहिला मजला, याला बँड गॅप म्हणतात. निळ्या प्रकाशाचा एक कण मात्र २.७ च्या आसपास ऊर्जा घेऊन येतो. म्हणजे इलेक्ट्रॉन थेट वरच्या मजल्यावर. अशा जास्तीची ऊर्जा असलेल्या इलेक्ट्रॉनला म्हणतात 'गरम' इलेक्ट्रॉन. पण तो वर टिकत नाही. आजूबाजूच्या अणूंना धक्के देत देत, त्यांना थरथरवत खाली घरंगळतो, आणि आपण वीज म्हणून त्याला गोळा करतो ते पहिल्या मजल्यावर. निळ्या कणातली निम्म्याहून जास्त ऊर्जा पॅनल तापवण्यात गेली.

इथे एक घोळ टाळू. मे महिन्यात पॅनल तापलं की वीज कमी येते, ते खरं आहे, पण तो वेगळा विषय. इथे पॅनल हाताला गार लागत असलं तरी आतला इलेक्ट्रॉन क्षणभर 'गरम' असतो. ही गरमी त्याच्या एकट्याची आहे.

१९६१ मध्ये विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर या दोघांनी या नुकसानीचा हिशोब मांडला. एकाच पदार्थाच्या एका थराचं साधं पॅनल कितीही चांगलं बनवा, आजच्या आकड्यांत सांगायचं तर साधारण ३३ टक्क्यांच्या वर जाणार नाही. मग १९८२ मध्ये रॉस आणि नोझिक यांनी उलटा प्रश्न विचारला: समजा इलेक्ट्रॉन थंड व्हायच्या आत त्याला बाहेर काढला तर? कागदावर उत्तर आलं ६६ टक्के. दुप्पट. माझं 'दुप्पट' इथून आलं होतं. फक्त 'कागदावर' हा शब्द मी खाल्ला.

काच भट्टीत किती वेळ ठेवली?

आता क्वांटम डॉट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडच्या वाविलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी एकिमोव्ह रंगीत काचेवर काम करत होते. काचेत कॉपर क्लोराइड घालायचं, ५०० ते ७०० अंशांवर तापवायचं, कधी १ तास, कधी ९६ तास. पदार्थ तोच, पण काच किती प्रकाश शोषते ते बदलत होतं. क्ष-किरणांनी पाहिलं तर काचेत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक तयार झाले होते, काही २ नॅनोमीटरचे, काही ३० चे. जितका कण लहान, तितका त्याने शोषलेला प्रकाश निळ्याच्या बाजूला सरकलेला. १९८१ मध्ये हे सोव्हिएत नियतकालिकात छापून आलं. शीतयुद्धाचा काळ, पलीकडे कुणाला फारसं कळलं नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये लुई ब्रुस यांना तीच गोष्ट द्रावणात दिसली. कॅडमियम सल्फाइडचे कण टेबलावर तसेच राहिले, मोठे झाले आणि त्यांचे प्रकाशीय गुण बदलले. ब्रुस यांना एकिमोव्ह माहीत नव्हते.

कारण काय? इतक्या लहान जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की त्याला हव्या त्या उंचीवर राहता येत नाही. ठरावीक पायऱ्याच मिळतात. खोली जितकी लहान, तितक्या पायऱ्या लांब लांब.

१९९३ मध्ये एमआयटीत मुंगी बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या मापाचे डॉट बनवायची रीत काढली. गरम द्रावणात कच्चा माल एकदम टोचायचा आणि वाढ वेळेत थांबवायची. हे तेच बावेंडी, ज्यांनी नोबेल मिळाल्यावर सांगितलं की हार्वर्डमधल्या केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत त्यांना १०० पैकी २० पडले होते. बारावीवाल्यांनो, स्क्रीनशॉट घ्या. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

हप्त्यांचा हिशोब

इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

मोठ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन थंड कसा होतो? हप्त्यांनी. अणूंच्या थरथरीचा एक ठरलेला हप्ता असतो, त्याला फोनॉन म्हणतात. कॅडमियम सेलेनाइडमध्ये हा हप्ता साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. उतार सलग आहे, म्हणून इलेक्ट्रॉन एकेक हप्ता फेडत खाली येतो.

डॉटमध्ये मात्र उतार नाही, शिडी आहे, आणि तिच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.२ ते ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असू शकतं. म्हणजे आठ-दहा हप्ते एकाच वेळी, एकाच फटक्यात भरावे लागणार. मधे थांबायला जागाच नाही. असं घडण्याची शक्यता अगदी कमी. १९९० मध्ये बोकेलमान आणि बास्तार यांनी गणित करून दाखवलं की डॉटमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर अडकून बसायला हवा. या अडकण्याला नाव पडलं 'फोनॉन बॉटलनेक'. बाटलीचं तोंड अरुंद, पाणी उतरेना.

आता गंमत ऐका. लेझर बनवणाऱ्यांना ही बातमी वाईट होती. त्यांना इलेक्ट्रॉन पटकन खालच्या पायरीवर यायला हवा होता, तिथूनच तर तो हवा तो प्रकाश देतो. १९९१ मध्ये बेनिस्टी आणि सहकाऱ्यांनी लिहिलंच की अशा छोट्या पेट्या नीट उजळणार नाहीत, त्यामागे हे मूळ कारण असू शकतं. उलट नोझिक यांच्यासारख्या सौरऊर्जेवाल्यांना ती आनंदाची बातमी होती. इलेक्ट्रॉन वर अडकला तर त्याला वरच्या वर उचलता येईल! एकच भाकीत, एका घरी सुतक आणि दुसऱ्या घरी पेढे.

पण भाकीत खरं आहे का, हे बघायचं कसं?

एवढा वेगवान कॅमेरा आणायचा कुठून?

इथे वेळ फेम्टोसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे लाखाचे अब्ज, म्हणजे एकावर १४ शून्यं, आणि त्याचेही पुन्हा दहा भाग. डोक्यात बसत नाही ना? असं बघा: एक फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदासमोर तेवढाच, जेवढा एक सेकंद साधारण ३ कोटी १७ लाख वर्षांसमोर.

एवढं वेगवान शटर कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. म्हणून युक्ती केली. लेझरची अतिशय छोटी झळक घ्यायची आणि तिचे दोन भाग करायचे. पहिली झळक डॉटवर पडते आणि इलेक्ट्रॉनला वर फेकते. दुसरी थोडी उशिरा येते आणि विचारते, "आता कुठल्या पायरीवर आहेस?" हा उशीर घड्याळाने करायचा नाही, अंतराने करायचा. एका फेम्टोसेकंदात प्रकाश फक्त ०.३ मायक्रोमीटर जातो. म्हणून आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर वाढले आणि दुसरी झळक १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचली. केसाच्या जाडीपेक्षा कमी सरकवणं, आणि काळ मोजला! याच पद्धतीने रासायनिक बंध तुटताना पाहिल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत क्लिमोव्ह आणि मॅकब्रँच यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटवर हे मोजलं. उत्तर आलं: काहीशे फेम्टोसेकंद. बॉटलनेक गायब. आणि वर मीठ म्हणजे, डॉट जितका लहान, तितका इलेक्ट्रॉन जास्त वेगाने खाली. पायऱ्या लांब होतायत आणि तरी उतरणं वेगवान होतंय. भाकिताच्या बरोबर उलटं.

गळती कुठे होती?

उत्तर अलेक्झांडर एफ्रोस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच सुचवून ठेवलं होतं. हे तेच एफ्रोस, ज्यांनी लेनिनग्राडमध्ये एकिमोव्ह यांच्या काचेमागचं गणित मांडलं होतं.

इलेक्ट्रॉन वर गेला की खाली त्याची रिकामी जागा उरते, तिला होल म्हणतात. होल हा स्वतंत्र कणासारखाच वागतो, फक्त इलेक्ट्रॉनपेक्षा जड. जड असल्यामुळे त्याच्या शिडीच्या पायऱ्या अगदी जवळजवळ असतात, जवळपास उतारच. मग इलेक्ट्रॉन काय करतो? आपलं सगळं कर्ज एका दमात होलच्या गळ्यात मारतो. स्वतः खाली येतो, आणि होल बिचारा छोट्या छोट्या हप्त्यांनी फेडत बसतो. डॉट जितका लहान, तितके दोघं एकमेकांना जास्त चिकटलेले, म्हणून व्यवहार जास्त जलद. बाटलीचं तोंड अरुंद होतं हे खरंच, पण बाटलीला खाली दुसरं भोक होतं.

मग उपाय दिसला: दोघांना वेगळं करा. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात फिलिप गीयो-सियोने यांच्या गटाने डॉटच्या पृष्ठभागावर असे रेणू बसवले की होल तिथे अडकून राहील. इलेक्ट्रॉनचं थंड होणं मंदावलं. २००८ मध्ये अंशु पांडे आणि गीयो-सियोने यांनी डॉटवर एकावर एक जाड कवचं चढवली, आणि इलेक्ट्रॉन एका नॅनोसेकंदापेक्षाही जास्त काळ वर टिकला. एक नॅनोसेकंद म्हणजे दहा लाख फेम्टोसेकंद. अंशु पांडे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

म्हणजे १९९० वाल्यांचं गणित चुकलं नव्हतं. त्यांनी फक्त होलला हिशोबात धरलं नव्हतं. मला ही जागा फार आवडते. अठरा वर्षांनी भाकीत खरं ठरलं, पण आधी ते कुठे आणि का फसतं हे शोधावं लागलं.

ट्रॉम्बे आणि पुणे

"हे सगळं परदेशातच का?" असा मेसेज दर वेळी येतो. तर नाही.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९० च्या दशकातच झिंक सल्फाइड, कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण बनवून त्यांचा अभ्यास सुरू केला होता. नॅनो हा शब्द आपल्याकडे गाडीच्या नावाने माहीत व्हायच्या कितीतरी आधी.

आणि मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. अणुभट्टीचं नाव घेतलं की आपल्याला तेच केंद्र आठवतं, पण तिथल्या किरणोत्सार आणि प्रकाश-रसायनाच्या विभागात हिरेंद्रनाथ घोष यांच्या गटाने फेम्टोसेकंद लेझर लावून वर्षानुवर्षं नेमका हाच प्रश्न धरून ठेवला: इलेक्ट्रॉन आणि होल यांची ताटातूट केली तर थंड होणं किती मंदावतं? २०१० मध्ये त्यांनी कॅडमियम टेल्युराइडच्या गाभ्यावर कॅडमियम सल्फाइडचं कवच चढवलेल्या डॉटचं काम प्रसिद्ध केलं. कवचामुळे इलेक्ट्रॉन बाहेर पसरतो, होल गाभ्यातच राहतो. २०१५ मध्ये त्यांनी दुसरी वाट दाखवली. कवच न चढवता गंधक आणि सेलेनियम दोन्ही मिसळलेला मिश्र डॉट. त्यातही होल वेगळा पडतो आणि इलेक्ट्रॉनचं थंड होणं काही पिकोसेकंदांपर्यंत लांबतं. एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद. आपल्याला काहीच नाही, पण इलेक्ट्रॉनला बाहेर उडी मारायला एवढी फुरसत खूप झाली.

पुण्याच्या आयसरमध्येही अंगशुमन नाग, पंकज मंडल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सिझियम लेड ब्रोमाइड या नव्या जातीच्या नॅनोस्फटिकांत विद्युतभार किती सहज धावतात ते टेराहर्ट्झ लहरींनी मोजलं. हे स्फटिक झुरिकला कोवालेंको यांच्या गटाने २०१५ मध्ये समोर आणले होते. म्हणजे जगात नवा पदार्थ आला आणि वर्षभरात पुण्यात त्यावर माप निघालं.

यात 'क्रांती' असं कुठेच लिहिलेलं नाही. आरसा पंधरा मायक्रोमीटर सरकवा, मोजा. कवच थोडं जाड करा, परत मोजा. माझ्या रीलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

मग पॅनल कुठे आहे?

बाजारात नाही. गरम इलेक्ट्रॉन पकडून वीज देणारं पॅनल तुम्हाला आज कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

अडचणी सरळ आहेत. इलेक्ट्रॉन वर टिकवायला जाड कवच लागतं, आणि त्याला बाहेर काढायला पातळ. दोन्ही एकदम कसं करणार? पकडणारी तारही अशी हवी की ती फक्त वरच्या पायरीवरचाच इलेक्ट्रॉन घेईल. शिवाय यातले बरेच डॉट कॅडमियम किंवा शिशाचे, दोन्ही विषारी. छतावर वीस-पंचवीस वर्षं ऊन-पाऊस सोसायचं तर हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरी एक वाट निघाली आहे. गरम इलेक्ट्रॉनने आपली जास्तीची ऊर्जा वापरून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करायचा. २०११ मध्ये नोझिक यांच्या सहकाऱ्यांनी लेड सेलेनाइडच्या डॉटवर ठरावीक रंगाच्या प्रकाशात दर १०० कणांमागे ११४ इलेक्ट्रॉन मिळवून दाखवले. पण तो एका रंगातला आकडा. त्या सेलची एकूण कार्यक्षमता साध्या पॅनलच्या जवळपासही नव्हती.

आणि क्वांटम डॉट वापरात आहेत कुठे? शोरूममधल्या टीव्हीत. तिथे निळा प्रकाश डॉटवर पडतो आणि डॉट अगदी शुद्ध लाल किंवा हिरवा देतो. तो रंग शुद्ध का? कारण इलेक्ट्रॉन झटपट थंड होऊन खालच्या पायरीवर येतो आणि तिथूनच प्रकाश देतो. ज्या थंड होण्याशी सौरऊर्जेवाले तीस-चाळीस वर्षं झगडतायत, त्याच्याच जोरावर आपण आयपीएल चकाचक रंगांत बघतो.

तर सर, तुमचं बरोबर होतं. दुरुस्त वाक्य असं: क्वांटम डॉटमध्येही इलेक्ट्रॉन सहसा पिकोसेकंदाच्या आत थंड होतात, होलला लांब ठेवलं तर तो वेळ बराच वाढवता येतो, त्यातून चांगलं पॅनल बनवायचं काम अजून प्रयोगशाळेत आहे. जुनं रील मी काढून टाकलंय. तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगा, चूक त्यांची नव्हती, माझी होती.

आणि मावशीला फोन केला. म्हटलं, "मावशी, दुप्पटवाल्याची वाट बघू नकोस. आज मिळतं ते वीस-बावीस टक्क्यांचं सिलिकॉनच घे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, ते बघ." मावशी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, पण तूच म्हणाली होतीस."

हो मावशी. मीच म्हणाले होते. म्हणून हा भाग.

पुढच्या भागात मलिक अंबरच्या नहरी: एवढं पाणी शहरात आलं कसं आणि गेलं कुठे. काही चुकलं तर सांगत राहा. व्हॉइस मेसेज साडेचार मिनिटांचा असला तरी चालेल, मी पूर्ण ऐकते. भेटू.